केनयार्डातल्या वायरलेसवर एबीसीडी

साखर कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवारात, एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की वायरलेसवर तीन नंबर सांगावे लागतात. ट्रॅक्टरचा एक, पुढच्या ट्रॉलीचा दुसरा, मागच्या ट्रॉलीचा तिसरा. लातूर, बीड आणि धाराशिवच्या शिवेवर काम असलं की पासिंगही, म्हणजे गाडीच्या नंबरातला आरटीओचा आकडाही, मिसळीचं. बीडचं २३, लातूरचं २४, धाराशिवचं २५, अंबाजोगाईचं ४४, उदगीरकडून आलेलं नवं ५५. त्यापुढे दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. यातलं एक अक्षर चुकलं की वजन भलत्याच गाडीच्या नावावर चढतं, वाहतुकीचं बिल दुसऱ्या मुकादमाकडे जातं आणि टनेज तिसऱ्याच शेतकऱ्याच्या खात्यावर. गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या साखळीवर, पडलेला ऊस परत मोजता येत नाही, त्यामुळे चूक दुसऱ्या दिवशी कागदावरच निस्तरावी लागते.

शेतकी विभाग आणि वजनकाटा यांच्यामधल्या वायरलेसच्या टेबलावर आम्ही एक हंगाम ठरलेल्या शब्दांनी अक्षरं सांगायची पद्धत बसवली. ती कशी बसली आणि कुठे अडली, ते इथे लिहितो आहोत.

पहिले आठ दिवस काहीच बदललं नाही. टेबलावर एक वही ठेवली आणि ‘परत सांगा’ असं जितक्या वेळा म्हणावं लागलं, तितक्या वेळा कशामुळे ते एका शब्दात टिपलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून थेट तक्ता वाटला तर नेमका कुठला रोग बरा करतोय तेच कळत नाही. आमची समजूत होती की सगळा घोळ इंग्रजी अक्षरांचा असणार. वहीत मात्र तीन ढीग निघाले: अक्षरं, आकडे आणि गावांची नावं. आणि आकड्यांचा ढीग अक्षरांपेक्षा मोठा होता.

आधी अक्षरांचं घेऊ. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी शेवटी ‘ई’वर येऊन थांबतात. फरक असतो तो सुरुवातीच्या क्षणभराच्या व्यंजनात, आणि वायरलेस नेमकं तेच खातं. ए, जे, के यांचं तसंच. एम आणि एन तर शांत खोलीतसुद्धा फोनवर वेगळे ओळखू येत नाहीत. एफ आणि एसचं कारण निराळं. साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो, वायरलेस सेटचाही पट्टा जवळपास तेवढाच. ‘स’ आणि ‘फ’ यांचा जो फुस्कारा असतो, त्याचा मोठा भाग या पट्ट्याच्या वर असतो. तो कापला गेला की दोन्हींचं उरतं फक्त ‘ए...’. म्हणून ओरडून उपयोग नाही. जी गोष्ट पलीकडे जातच नाही ती मोठ्याने बोलल्याने जाणार कशी?

याशिवाय आपल्याकडचा एक खास घोळ आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मराठवाड्यात ‘जी’ म्हणजे होकार. चिटबॉय, म्हणजे फडात उसाच्या चिठ्ठ्या करणारा कर्मचारी, सांगतो, “पुढचं अक्षर जी,” आणि टेबलावरचा माणूस समजतो की आधीचं बरोबर आहे म्हणून तो ‘जी’ म्हणाला. हाक मारली की आपण ‘ओ’ देतो. नंबरच्या मालिकेत ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती शून्य आणि एकसारखी दिसतात, तेवढ्यापुरती सुटका. पण फोनवर सांगाव्या लागणाऱ्या बँकेच्या कोडमध्ये ओ येतो. ‘आर’ म्हटलं की ‘अरं’ ऐकू येतं, आणि ‘के’ला पलीकडून हमखास “काय?” येतं.

लोक आपापल्या परीने उपाय करतच होते. बी फॉर बॉल, डी फॉर डॉल. हे दोन शब्द इतके सारखे आहेत की त्यापेक्षा नुसतं अक्षर बरं. कुणी ‘पी परळीचा’, ‘टी तुळजापूरचा’ म्हणायचं. ऐकायला छान, पण वायरलेसवर गावांची नावं हाच निम्मा मजकूर असतो. ऐकणारा गावाच्या रकान्यात ‘परळी’ लिहून मोकळा. शब्द कितीही चांगला असला तरी प्रत्येकाचा वेगळा असेल तर ऐकणाऱ्याला दर वेळी नवा शब्द ओळखावा लागतो. ठरलेला शब्द असला की ओळखायचं नसतं, २६ मधला एक निवडायचा असतो. अर्धा शब्द ऐकू आला तरी निवडता येतो. सगळी खुबी एवढीच आहे.

म्हणून आंतरराष्ट्रीय यादी जशीच्या तशी घेतली. आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, इको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, केबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. विमानतळाच्या टॉवरपासून जहाजांपर्यंत आणि हॅम रेडिओवाल्यांपर्यंत हीच चालते. भारतातल्या प्रवासी विमानाची नोंदणी व्हीटी अक्षरांनी सुरू होते, ती ‘व्हिक्टर टँगो’ अशीच सांगितली जाते.

ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झां-पॉल व्हिने यांनी तिच्यावर काम केलं. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना उच्चारता येतील आणि कानाला वेगळे वाटतील असे शब्द हवे होते. १९५१ साली पहिली यादी लागू झाली, तिच्यात सीला कोका, एमला मेट्रो, एनला नेक्टर, यूला युनियन आणि एक्सला एक्स्ट्रा होतं. प्रत्यक्ष वापरात हे पाच शब्द अडले, बदलले गेले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी सुरू झाली. आल्फाच्या इंग्रजी स्पेलिंगात पीएचऐवजी एफ आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन टी मुद्दाम आहेत. पीएचचा ‘फ’ सगळ्या भाषांत होत नाही, आणि फ्रेंच माणूस शेवटचा एकटा टी गिळून टाकेल म्हणून. मराठी कानावर मात्र ही यादी कुणी पारखलेली नव्हती. ते आमच्या वाट्याला आलं.

आणि ती पारखताना जे निघालं ते असं.

‘चार्ली’ अर्धा तुटला की ‘चार’ उरतो. ‘इको’ घाईत ‘एक’ होतो. ‘नोव्हेंबर’चा ‘नो’ ऐकून काही जण नऊ लिहायला लागतात. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे फोर आणि वन आहेत. अक्षरं इंग्रजी आणि आकडे मराठी अशी जोडी लावली की तो उभा राहतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त चुका याच्याच झाल्या. उपाय सोपा निघाला: अक्षरांआधी ‘अक्षरं’ म्हणायचं आणि आकड्यांआधी ‘आकडे’. “चोवीस पासिंग. अक्षरं, चार्ली इको. आकडे, पाच नऊ सहा शून्य.” दोन जादा शब्द, पण लिहिणाऱ्याचा हात आधीच योग्य रकान्यात जातो.

‘किलो’ काट्यावर म्हणायचा म्हणजे पंचाईतच. आम्ही शब्द बदलला नाही. वजन वायरलेसवर सांगायचंच बंद केलं, ते काट्याच्या संगणकावर असतंच. ‘माइक’ म्हटलं की नवा माणूस हातातला माइक सरळ करतो. ‘हॉटेल’ म्हटलं की पलीकडून “कुठल्या हॉटेलवर?” असा प्रश्न येतो, कारण रस्त्याकडेची चहाची टपरीही आपल्याकडे हॉटेलच. क्यूचा उच्चार नियमाने ‘केबेक’ आहे, तो ऐकून हमखास के लिहिला जातो. तक्त्यावर क्यूची ओळ लाल केली आणि केला ‘किलो’ सोडून दुसरं काही नाही हे पक्कं केलं. गोल्फ हा खेळ कुणी पाहिलेला नसल्याने तो ‘गोल’ व्हायचा, पण जी कळायला तेवढंही पुरतं. व्हिस्की आणि रोमिओवर हसणं दोनेक दिवस चाललं. ते होऊ द्यावं. हसू आलेला शब्द लवकर पाठ होतो.

शब्द स्थानिक का घेतले नाहीत, हे बऱ्याच जणांनी विचारलं. डब्ल्यूला ‘वखर’ घेतला तर व्हीला काय? मराठी कानाला दोन्ही ‘व’च. सी आणि के दोन्हींना ‘क’चा शब्द सुचतो. इंग्रजी अक्षरांना मराठी शब्द लावायला गेलं की उच्चार आणि स्पेलिंग यांची गाठ सुटते. शिवाय वाहतूकदार पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याकडे जातो. तिथे आमचे घरगुती शब्द त्याच्या काय कामाचे?

आता आकडे. इथे मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीपेक्षा मराठीच बरी ठरली. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन एकमेकांत मिसळतात, म्हणून रेडिओवर त्यांना ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणायचा नियम आहे. पाच आणि नऊ यांत असला गोंधळ होत नाही. पण मराठी जोडसंख्या वायरलेसवर जीवघेणी. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांची सुरुवात सारखी; पंचावन्न आणि पंच्याण्णव, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव तर जुळी भावंडं. एकोणसाठ म्हणजे ५९, पण त्यातला ‘साठ’च मोठ्याने ऐकू येतो आणि ६० लिहिला जातो. आणखी एक अडचण लिहिणाऱ्याच्या हाताची आहे. आपण एकं आधी म्हणतो आणि दहं नंतर; ‘त्रे-सष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो सहा. वेगात लिहिणारा ३६ लिहून बसतो. त्यात कुणी दखनी वळणाने ‘उनसठ’ म्हणालं की संपलंच.

म्हणून एकेक आकडा सुटा सांगायचा. पाच नऊ, एकोणसाठ नाही. अपवाद फक्त पासिंगचा, कारण २३, २४, २५, ४४, ५५ हे सगळ्यांच्या कानात बसलेले आहेत आणि त्यांची यादी लहान आहे. ‘डबल’ आणि ‘ट्रिपल’ बंद. “डबल सात सहा” म्हणजे ७७६ की ७६७६, हे सांगणाऱ्यालाच माहीत. शून्याला ‘झिरो’, ‘पूज्य’, ‘ओ’ यातलं काही नाही, शून्यच.

सुटे आकडे घेतले की दहा आणि साठ बाद होतात, त्यामुळे सहा-दहा आणि सात-साठ हे घोळ आपोआप मिटतात. उरतात दोन. आपल्या बोलीत ‘सहा’चा ‘सा’ होतो आणि तो सातसारखा लागतो. त्याला ‘स-हा’ असे दोन ठोके द्यायला लावले. दुसरा सात आणि आठ. ‘स’चा फुस्कारा वाटेत गळला की सातचा ‘आत’ होतो आणि आत-आठ यांत काय फरक ऐकू येणार? पत्त्यांमधले सत्ती-अठ्ठी वापरून पाहिले. रोग तोच राहिला, ‘स’ गेला की ‘अत्ती’ आणि ‘अठ्ठी’. शेवटी सातला ‘सेव्हन’ म्हणायचं ठरलं. बाकी नऊ आकडे मराठी आणि सात तेवढा इंग्रजी, हे कानाला विचित्र लागतं आणि भाषेच्या अभिमान्यांना आवडणार नाही. पण ‘सेव्हन’ दोन ठोक्यांचा आहे, ‘आठ’ एका, आणि ट्रॅक्टरच्या धडधडीतही ठोके मोजता येतात.

सेट हातात कसा धरायचा हे शिकवण्यात आमचा निम्मा वेळ गेला. बटण दाबलं की सेट लगेच तयार होत नाही. दाबताक्षणी बोललं तर पहिला ठोका कापला जातो, आणि ‘चार्ली’चा ‘र्ली’ होतो. बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. शेवटचा शब्द संपल्यावर बटण अर्धा सेकंद धरून ठेवा. तोंड आणि माइक यांत दोन-तीन बोटांचं अंतर, आणि बोलायचं माइकच्या बाजूने, सरळ त्याच्यात फुंकल्यासारखं नाही; ‘पापा’ आणि ‘ब्राव्हो’ म्हणताना जो श्वासाचा फटका बसतो त्याने पुढचं अक्षर मातीत जातं. ओरडू नये. ठरावीक मर्यादेच्या वरचा आवाज सेट कापून टाकतो, त्यामुळे ओरडलेला शब्द पलीकडे फाटून पोचतो. गव्हाणीजवळ उभं राहून बोलायचं असेल तर साखळीकडे पाठ करायची आणि अंगाचा आडोसा घ्यायचा. दिवसभर वापरलेली बॅटरी रात्री दोनला मान टाकते. ऐकायला सेट चालू दिसतो, पण बोलायला लागलं की वाक्य मधेच तुटतं. ‘परत सांगा’ अचानक वाढले तर आधी बॅटरी बदलून पाहा, माणसाला दोष नंतर.

सराव कसा घेतला ते सांगतो. तक्ता देवनागरीत, उच्चारानुसार, एका पानावर दोन रकान्यांत छापून प्लॅस्टिकमध्ये घातला. एक काट्याच्या खिडकीला आतून, एक टेबलावर, एकेक प्रत्येक गट ऑफिसात. रोज दहा मिनिटं दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने दहा नंबर सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, मग कागद जुळवायचे. पाठीला पाठ महत्त्वाची, समोरासमोर बसलं की माणूस ओठ वाचतो. पहिले चार दिवस शांततेत, मग ट्रॅक्टर चालू ठेवून. तक्त्याकडे बघत बोलणाऱ्याची लय तुटते म्हणून पाचव्या दिवसापासून सांगणाऱ्याला तक्ता नाही, फक्त लिहिणाऱ्याला. वेग लेखणीचा धरायचा. तीन किंवा चार खुणा (अक्षरं किंवा आकडे) सांगितल्या की थांबायचं.

थांबल्यावर पलीकडच्याने परत म्हणायचं. हे नसेल तर बाकी सगळं वाया. परत म्हणणंही त्याच शब्दांत हवं. “हां हां, लिहिलं” हे चालत नाही. ते काय लिहिलं हे सांगत नाही. सांगणाऱ्याने ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. हो-नाही का नको? ‘नाही’चा पहिला ठोका गेला की ‘ही’ उरते, आणि ‘हाव’, ‘हां’, ‘जी’ या तिन्हींचा आपल्याकडे होकार होतो आणि नुसतं ‘ऐकतोय’ असाही अर्थ होतो. चूक असेल तर फक्त चुकलेला तुकडा नव्हे, तो गट पूर्ण पुन्हा. चार महिन्यांत सगळ्यात लवकर ढिली पडणारी गोष्ट हीच. पहाटे तीनला यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हा परत म्हणायचा कंटाळा येतो, आणि चुकाही त्याच वेळच्या.

गावांच्या नावांना इंग्रजी अक्षरं लावण्यात अर्थ नाही. तिथे उपाय वेगळा. आपल्या भागात एकमेकांत अडकणाऱ्या जोड्या आधीच काढून भिंतीवर लावल्या: लोहा आणि लोहारा, मुखेड आणि मुदखेड, भोकर आणि भोकरदन, कळंब आणि कळमनुरी, पाथरी आणि पाटोदा. ही तालुक्यांची नावं. खेड्यांत वडगाव, पिंपळगाव, सावरगाव किती आहेत याला गणती नाही, आणि त्यातली बरीच बुद्रुक आणि खुर्द अशी जोडीने नांदतात. ‘बु’ आणि ‘खु’ असं तोंडी कधीच म्हणायचं नाही. पूर्ण बुद्रुक, पूर्ण खुर्द. तालुका आधी, गाव नंतर, हा क्रम उलटा वाटतो पण ऐकणाऱ्याला यादी लहान करून देतो. ब-भ, द-ध, त-थ यांतला हकार फोनवर विरतो, तेव्हा तेवढं पहिलं अक्षर बालवाडीच्या पद्धतीने: ध धनुष्याचा. न-ण आणि ल-ळ यांच्या नादी लागलो नाही. तसे शब्द ण आणि ळने सुरूच होत नाहीत, आणि त्यावाचून गाव चुकत नाही.

बँकेचा कोड आणि पॅन वायरलेसवर सांगायचे नाहीत, कारण सेट उघडा असतो, सगळे ऐकतात. ते फोनवर. बँकेचा कोड, म्हणजे आयएफएससी, ११ खुणांचा: आधी चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, मग सहा. पाचव्या जागी कुणी ‘ऑस्कर’ म्हणालं तर विचार न करता शून्य लिहा. मराठवाड्यात जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादची पासबुकं अजून ट्रंकेत असतात. १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली. कोड ‘सिएरा ब्राव्हो हॉटेल यँकी’ने सुरू झाला तर पासबुक जुनं आहे, पुढचं लिहूच नका, नवा कोड मागा. पॅन दहा खुणांचा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. माणसाचा असेल तर चौथं अक्षर पापा, आणि पाचवं त्याच्या आडनावाचं इंग्रजी पहिलं. आडनाव विचारून ते जुळवलं की निम्मी खात्री तिथेच होते.

“एवढं करण्यापेक्षा नंबर प्लेटचा फोटो पाठवा की,” असं सांगणारे भेटतात. रेंज असेल तिथे जरूर पाठवावा. पण ऊसतोडीच्या फडात रेंज नसते, प्लेटवर चिखल असतो, आणि रात्री मोबाइलचा फ्लॅश प्लेटवर पडला की फोटोत नुसता पांढरा चौकोन येतो.

राहिल्या बिननंबरच्या ट्रॉल्या. त्यांना आम्ही दोन अक्षरांचे कोड दिले आणि त्यासाठी फक्त एच, एल, क्यू, आर, यू, डब्ल्यू, वाय ही सात अक्षरं घेतली. क्यू आणि यू ही जोडी सोडली तर ती कुणी घाईत नुसती म्हटली तरी एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. ‘अरं’चा धोका पत्करूनही आर ठेवला. कोड पांढऱ्या ऑइल पेंटने, वीतभर उंच अक्षरांत, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या (उघडत्या फळीच्या) वरच्या कडेला रंगवायचा. खाली रंगवला तर पहिल्याच खेपेला चिखलाखाली जातो.